गव्हाणीतली चघळ आणि युकॉनचा ससा

ससा काडी कापतो ती तिरकी कापतो. कोयत्यानं एका घावात उसाचं वाढं छाटावं तशी, एकदम स्वच्छ, आणि कापलेलं टोक बर्फाच्या वर पिवळट पांढरं दिसत राहतं. मूस, म्हणजे इथलं घोड्याहून मोठं हरीण, तीच काडी खातो तेव्हा चेंगरून ओरबाडून तोडतो कारण आपल्या गाई-म्हशींप्रमाणेच त्यालाही वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे त्याचं टोक फाटलेलं असतं, सालीचा धागा लोंबत असतो. हे मला इथल्या पहिल्या हिवाळ्यात शेजारच्या आजींनी शिकवलं, आणि तेव्हापासून मी जंगलात गेले की आधी काड्यांची टोकं बघते, मग बाकीचं.

इथे म्हणजे व्हाइटहॉर्स, युकॉन. कॅनडाचा अगदी वायव्येचा कोपरा, पलीकडे अलास्का. मी २०१५ ला आले. मूळची बीड जिल्ह्यातली, तालुक्याच्या गावाला अप्पांचं पेंडीचं दुकान. सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, गोळी पेंड, मक्याचा भरडा, आणि दुकानामागे कडब्याची गंज. त्यामुळे जनावर काय खातं, काय खात नाही, काय टाकून देतं हे लहानपणापासून कानावर पडत आलंय. अप्पा कुणाच्या गोठ्यात गेले की माणसांशी बोलायच्या आधी गव्हाणीत बघायचे. जनावरानं खाऊन जे उरतं त्याला आमच्याकडे चघळ म्हणतात. चांगल्या साली बैल कडब्याची पानं खातो, शेंड्याकडचं कोवळं खातो, आणि बुडाकडची जाड धाटं तशीच पडून राहतात, मग ती चुलीला जातात. साल वाईट असलं की धाटंही जातात. २०१३ च्या उन्हाळ्यात गव्हाणी इतक्या लख्ख असायच्या की कुणी झाडून घेतल्यासारख्या. अप्पा म्हणायचे, चघळ दिसंना म्हणजे अवघडंय, पेपर वाचायची गरज नाही.

हे सगळं आधी सांगतेय कारण इथल्या सशाबद्दल जे जे मी वाचलं आणि जे थोडंफार डोळ्यांनी बघितलं ते मला सारखं त्या गव्हाणीपाशीच घेऊन जातं.

ज्यांनी कॉलेजात बायोलॉजी केलीय त्यांना तो ग्राफ आठवत असेल. ससा आणि लिंक्स. लिंक्स म्हणजे इकडचं मोठं रानमांजर, कानावर काळ्या केसांचे तुरे आणि पंजे असे रुंद की बर्फावर रुतत नाहीत. हडसन्स बे कंपनी इथे फरचा व्यापार करायची, ट्रॅपर, म्हणजे सापळे लावून जनावरं पकडणाऱ्या लोकांनी आणलेली कातडी वर्षानुवर्षं वह्यांमध्ये मांडली गेली, आणि त्या वह्यांवरून कळलं की कातड्यांचा आकडा दर दहा वर्षांनी फुगतो आणि कोसळतो. १९३७ मध्ये मॅकलूलिच या शास्त्रज्ञांनी सशाच्या चढउतारावर लिहिलं, १९४२ मध्ये चार्ल्स एल्टन आणि मेरी निकोल्सन यांनी लिंक्सचं दहा वर्षांचं चक्र मांडलं. आम्हाला बीएस्सीला हा ग्राफ चार मार्कांना यायचा. ससे वाढले की लिंक्स वाढतात, लिंक्स वाढले की ससे संपतात, ससे संपले की लिंक्स उपाशी मरतात, झालं उत्तर. मी ते तसंच लिहिलं आणि चार पैकी साडेतीन मिळाले असतील.

त्या ग्राफमध्ये दोनच रेषा होत्या, आणि ससा काय खातो ती तिसरी रेषा कुठेच नव्हती. आता विचार केला की नवल वाटतं, पेंडीच्या दुकानात वाढलेल्या मुलीलाही तेव्हा हा प्रश्न पडला नाही.

मी आले त्याच्या पुढच्या एक-दोन हिवाळ्यांत इथे ससेच ससे होते. स्नोशू ससा असं त्याचं नाव, कारण मागचे पाय शरीराच्या मानानं केवढे तरी मोठे, बर्फावर चालायचे बूट घातल्यासारखे. उन्हाळ्यात तपकिरी, हिवाळ्यात पांढरा, फक्त कानाची टोकं काळी. वजनाला जेमतेम दीड किलो. सकाळी सहाला ड्यूटीला निघाले की गाडीच्या दिव्यात पाच-सहा तरी दिसायचे, रस्त्याच्या कडेला, कचऱ्याच्या डब्यामागे, आमच्या पायरीपाशी. झाडीत तर त्यांच्या पायवाटा पडलेल्या, बर्फ दाबून दाबून घट्ट झालेला, आणि त्याच वाटांवर शेजारच्या आजी तारेचे फासे लावायच्या. आजी इथल्या मूळच्या लोकांपैकी, सदर्न टचोनी. फासा लावायची उंची त्या हाताच्या मुठीनं मोजायच्या. मी मांसाहार करत नाही हे कळल्यावर त्यांनी मला रस्सा कधी दिला नाही पण बर्फावरच्या खुणा वाचायला मात्र मन लावून शिकवलं. एकदा म्हणाल्या, सशांच्या वर्षी कुणी उपाशी झोपत नाही, पण नुसत्या सशावर राहिलेला माणूस सुद्धा मरतो बरं का. मला वाटलं काहीतरी जुनी समजूत असेल. नंतर कळलं की खरंच आहे, हिवाळ्यातल्या सशाच्या अंगावर चरबी जवळजवळ नसतेच, नुसतं प्रोटीन खाऊन माणसाचं शरीर चालत नाही, पोटभर खाऊन माणूस खंगत जातो. उत्तरेकडच्या जुन्या प्रवाशांनी हे लिहून ठेवलंय.

आणि मग ससे गेले. एका वर्षात नाही, पण दोन-तीन हिवाळ्यांत असे गेले की २०१९ च्या सुमाराला मी महिनाभर रोज फिरूनही एक ठसा दिसला नाही. आजींनी फासे लावणं बंद केलं. मी विचारलं कुठे गेले, तर म्हणाल्या येतील, त्यांची वेळ झाली की येतील. त्यांच्या आईच्या वेळीही असंच, आजीच्या वेळीही असंच. मला एवढ्यावर राहवेना म्हणून मी वाचायला लागले.

पहिली गोष्ट, हा ससा हिवाळ्यात खातो काय. आमच्याकडचा ससा हरभऱ्याचे शेंडे खुडतो, गवत खातो, बारा महिने काहीतरी हिरवं मिळतं त्याला. इथे ऑक्टोबर ते एप्रिल हिरवं म्हणून काही नाही. स्प्रूस या इथल्या सूचिपर्णी झाडाची सुईसारखी पानं आहेत हिरवी, पण ती राळेनं भरलेली, नाइलाज असेल तरच खायची. म्हणजे राहिल्या काड्या. विलोच्या आणि ठेंगण्या बर्चच्या. विलो म्हणजे आपला वाळुंज, त्याच कुळातला, आणि बर्च म्हणजे ज्याच्या सालीवर पोथ्या लिहिल्या त्या भूर्जाचा भाऊबंद, हे कळल्यावर मला ही झाडं एकदम ओळखीची वाटायला लागली. एका सशाला दिवसाला साधारण तीनशे ग्रॅम काड्या लागतात, आणि त्याही बारीक, तीन ते पाच मिलिमीटर जाडीच्या. कारण काडीत जे काही पोषण आहे ते सालीत आणि कोंबात, आतल्या लाकडात काही नाही. काडी जितकी जाड तितकं लाकूड जास्त आणि साल कमी, ससा दिवसभर कुरतडत बसला तरी वजन उतरतं. पोट भरलेलं असतं आणि तरीही उपासमार चालू असते. कडब्याची पानं आणि धाटं, तोच हिशोब, फक्त इथे तो मिलिमीटरमध्ये मोजतात.

बर्फ जास्त पडला की ससा उंच होतो, म्हणजे बर्फावर उभा राहून वरच्या काड्यांपर्यंत पोचतो, आणि काही काड्या बर्फाखाली गाडल्या जातात. त्यामुळे वसंतात बर्फ वितळल्यावर झुडपांवर कमरेच्या उंचीवर कापलेल्या काड्या दिसतात आणि नवख्या माणसाला वाटतं हे कुठल्या जनावरानं खाल्लं. मलाही वाटलं होतं.

अल्बर्टामध्ये, एडमंटनच्या उत्तरेला रॉचेस्टर नावाचं ठिकाण आहे, तिथे लॉइड कीथ नावाच्या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकापासून वर्षानुवर्षं हे ससे मोजले. त्यांचं म्हणणं साध्या शब्दांत असं की ससे इतके वाढतात की हिवाळ्यात बारीक काड्या पुरेनाशा होतात, भूक ही घसरण सुरू करते, आणि मग शिकारी ती घसरण पार तळापर्यंत नेतात. मला हे वाचल्यावर फार पटलं. आपल्याकडे कुणालाही पटेल, चारा संपला की जनावर संपलं.

पण युकॉनमध्ये लोकांनी ते करून बघितलं, आणि ते करून बघणं हे मला अजूनही अचंबित करतं.

आमच्या इथून अलास्का हायवेनं दोन-अडीच तासांवर क्लुएन लेक आहे. अफाट तळं, मागे बर्फाचे डोंगर, अलीकडे स्प्रूस आणि विलोचं जंगल पसरलेलं. तिथे १९८६ पासून दहा वर्षं, म्हणजे सशांचं एक अख्खं चक्र, चार्ल्स क्रेब्स, टोनी सिंक्लेअर, स्टॅन बूटिन, रूडी बूनस्ट्रा आणि त्यांच्याबरोबरच्या कितीतरी लोकांनी एक प्रयोग केला. जंगलाचे एक-एक चौरस किलोमीटरचे तुकडे घेतले. एक चौरस किलोमीटर म्हणजे अडीचशे एकराच्या आसपास, आमच्या गावात एवढी जमीन एकाच्या नावावर कुणाचीच नाही. काही तुकडे जसेच्या तसे ठेवले. दोन तुकड्यांत सशांना बाहेरून खाणं टाकलं, पाळीव सशांची गोळी पेंड, पोती पोती, जंगलात. एका तुकड्याला चारी बाजूंनी विजेचं कुंपण घातलं, असं की ससा आतबाहेर करू शकेल पण लिंक्स आणि कोयोटी, म्हणजे इकडचे कोल्ह्यासारखे शिकारी, येऊ शकणार नाहीत. एका तुकड्यात कुंपणही आणि पेंडही. आणि दोन तुकड्यांवर विमानातून खत टाकलं, जंगलावर, शेतावर टाकतात तसं खत, की बघू झाडंच जास्त वाढली तर काय होतं.

उणे चाळीसमध्ये चार किलोमीटर कुंपणातली वीज चालू ठेवायची, दररोज बघायचं तार तुटली का, मूस घुसला का. पेंड वाहून न्यायची. शेकडो सशांच्या गळ्यात रेडिओ कॉलर, सिग्नल बदलला की जाऊन शोधायचं की ससा कशानं मेला. लेंड्या मोजायच्या. हो, लेंड्या, जूनमध्ये जंगलात दोन इंच रुंद आणि दहा फूट लांब अशा ठरवलेल्या पट्ट्या असतात, त्यात पडलेल्या सशाच्या लेंड्या गुडघ्यावर बसून मोजायच्या, त्यावरून वर्षभरात किती ससे होते याचा अंदाज बांधतात. माणसांनी आयुष्याची चांगली वर्षं यात घातली. मला या लोकांबद्दल मनापासून आदर वाटतो, कारण घरी बसून तर्क करणं सोपं होतं आणि तर्क सगळ्यांकडे होते.

प्रयोग चालू असतानाच, १९९५ मध्ये, निकाल छापून आला. जसंच्या तसं ठेवलेल्या जंगलाच्या तुलनेत, नुसतं कुंपण घातलेल्या तुकड्यात साधारण दुप्पट ससे. नुसती पेंड टाकली तिथे तिप्पट. आणि कुंपण आणि पेंड दोन्ही जिथे, तिथे अकरा पट.

अकरा. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा वाटलं छापायची चूक आहे. दोन आणि तीन मिळवले तर पाच, गुणले तर सहा, अकरा कुठून आले. म्हणजे भूक एका बाजूला आणि शिकारी दुसऱ्या बाजूला असे दोन वेगळे हिशोब मांडून बेरीज करता येतच नाही, एक दुसऱ्याच्या पोटात शिरलेला आहे.

आणि खताचं काय झालं? झाडं वाढली, गवत वाढलं, झुडपं तरारली, ससे मात्र म्हणावे असे वाढले नाहीत. आणि ज्यांना पोटभर पेंड होती ते ससेही घसरणीच्या वर्षी घसरलेच, कुंपण आणि पेंड दोन्ही असलेल्या तुकड्यात घसरण उशिरा आली पण तिथेही घुबडं आणि ससाणे वरून येतच होते, कुंपणाला छत नव्हतं. जंगलात खायची काडी पार संपलीय असं क्लुएनमध्ये भरतीच्या वर्षीही दिसलं नाही. मेलेल्या सशांमध्ये उपासमारीनं मेलेले अगदी थोडे, शंभरातले ऐंशीहून जास्त शिकाऱ्यांनी मारलेले.

इथे मी बरेच दिवस अडकले. म्हणजे कीथ चुकले का? अन्नाचा काहीच संबंध नाही का? मग नुसत्या पेंडीनं तिप्पट कसे झाले?

मला आठवली ती माझी आजी, वडिलांची आई. बाहत्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी तिच्याकडे खूप होत्या, मिलोच्या भाकरी, सुकडी, खडी फोडायची कामं, पण एक गोष्ट ती सारखी सांगायची. त्यांच्या घरी एक खिलार बैल होता. सगळीकडे रखरखीत, फक्त विहिरीच्या आतल्या बाजूला, कडेला, दगडांच्या फटीत थोडं गवत हिरवं राहिलेलं, ओलीमुळे. बैल त्या गवतासाठी रोज थोडा पुढे पुढे जायला लागला, एरवी कधी गेला नसता, जनावराला कड कळते, आणि एक दिवस गेला आत. गावातले लोक म्हणायचे विहिरीत पडून मेला. आजी म्हणायची, नाही बाई, भुकेनं मेला. त्यावर आजोबा दर वेळी चिडायचे, म्हणायचे सगळ्यांनी बघितलंय पडलेला, पाय मोडला होता, भुकेनं कसा मेला. आजी ऐकायची नाही. मला लहानपणी आजोबांचं खरं वाटायचं.

क्लुएनच्या सशाचं हेच आहे. मेलेल्या सशावर दात लिंक्सचे असतात. पण तो ससा झाडीतून बाहेर का आला होता, हे दातांवरून कळत नाही. चांगल्या बारीक काड्या बहुतेक वेळा उघड्यावर, जिथे ऊन पोचतं तिथे जास्त असतात, आणि दाट स्प्रूसखाली, जिथे लपायला जागा आहे, तिथे खायला कमी आणि निकृष्ट. भरल्या पोटी ससा आडोसा सोडत नाही. पेंड टाकलेल्या तुकड्यात त्याला उघड्यावर जायची गरजच कमी पडत असेल. आणि हे उलटही चालतं, लिंक्स वाढले की ससे घाबरून दाट झाडीत राहतात, तिथलं निकृष्ट खातात, वजन उतरतं, पिल्लं कमी होतात, आणि जंगलात दहा पावलांवर खाणं पडून असतं. काडी आहे पण ती सशाची नाही. जंगलातलं एकूण खाणं मोजलं तर दुष्काळ दिसत नाही, सशाच्या जागी बसून मोजलं तर आहे. मला वाटतं खत टाकलेल्या तुकड्याचं कोडंही निदान काही अंशी इथेच सुटतं, खाणं वाढलं पण ते निर्धोकपणे मिळायची सोय वाढली नाही. हे माझं मत आहे, त्यांच्या पेपरात ते असंच्या असं लिहिलेलं नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त जवळची कारण ती माझ्या रोजच्या कामातली. मी लॅबमध्ये आहे, रक्ताचे नमुने. कॉर्टिसोलची टेस्ट आमच्याकडे सकाळी आठला घेतात कारण दिवसभरात त्याची पातळी उतरत जाते. कॉर्टिसोल हे संकटाच्या वेळचं हार्मोन, पळायला बळ देतं, साखर वाढवतं, आणि तेवढ्यापुरतं फार कामाचं आहे. पण महिनोन्महिने वाढलेलं राहिलं की स्नायू झिजतात, प्रतिकारशक्ती जाते, जखमा भरत नाहीत. असे रिपोर्ट मी रोज बघते. आता हेच त्यांनी सशात बघितलं, तेही लेंड्यांमधून, कारण ससा पकडून रक्त काढायला गेलं तर पकडण्यानंच त्याचं कॉर्टिसोल वाढणार. सशाचं काळीज म्हणतो ना आपण. घसरणीच्या वर्षांत, जेव्हा शिकारी सशांच्या मानानं खूप असतात, तेव्हा लेंड्यांमधली पातळी वाढलेली सापडली.

मग मायकल शेरिफ, क्रेब्स आणि बूनस्ट्रा यांनी आणखी एक पायरी पुढे जाऊन बघितलं, २००९ मध्ये ते छापून आलं. कुंपणात ठेवलेल्या गाभण माद्यांजवळ एक शिकवलेला कुत्रा एक दिवसाआड फक्त एक-दोन मिनिटं फिरवायचा. कुत्रा शिवायचा नाही, चावायचा नाही, नुसता असायचा. खाणं भरपूर होतं. तरी त्या माद्यांना जिवंत पिल्लं कमी झाली आणि जी झाली ती वजनानं आणि अंगानं लहान. मी हे वाचून बराच वेळ तशीच बसून राहिले होते. दोन मिनिटं, तीही एक दिवस सोडून.

चांगल्या वर्षात एक मादी एका उन्हाळ्यात तीन-चार वेळा विते, मिळून अठराच्या आसपास पिल्लं होतात. वाईट वर्षांत हीच संख्या सातच्या आसपास येते. आणि घसरण संपल्यावरही, शिकारी उपाशी मरून किंवा दूर निघून गेल्यावरही, झुडपं पुन्हा फुटल्यावरही, ससे दोन-तीन-चार वर्षं वर येत नाहीत. खाणं आहे, धोका कमी झालाय, तरी नाही. बूनस्ट्रांचं म्हणणं असं की आईनं काढलेले ते दिवस लेकीच्या अंगात उतरतात, आणि तिच्या जन्मभर राहतात. दुष्काळातून गेलेल्या माणसांच्या घरात धान्याचं पोतं कधी पूर्ण रिकामं होऊ देत नाहीत, आजी शेवटची पायली शिल्लक ठेवायची आणि आई अजूनही ठेवते जिनं तो दुष्काळ नीट बघितलाही नाही. ससा आणि माणूस एक नाही हे मला कळतं, हार्मोनचं गणित वेगळं आणि सवयीचं वेगळं, पण वाचताना मन तिथे गेलंच.

पिल्लांवरून आठवलं, ही पिल्लं जन्मताच डोळे उघडे, अंगावर केस, पहिल्याच दिवसांत पळायला लागतात. आई दिवसातून एकदाच, संध्याकाळी, पाच-दहा मिनिटं येऊन पाजते आणि जाते, म्हणजे तिच्या वासामागून कुणी पिल्लांपर्यंत येऊ नये. तरी बरीच पिल्लं पहिल्या काही आठवड्यांत जातात, आणि ती कोण मारतं तर लाल खार आणि जमिनीत राहणारी खार. आमच्या खिडकीबाहेर स्प्रूसची बोंडं सोलत बसणारी ती एवढीशी खार. मला हे पचायला वेळ लागला.

झाडांचं म्हणणं राहूनच गेलं. झाडंही गप्प बसत नाहीत. अलास्कात जॉन ब्रायंट यांनी १९८१ मध्ये दाखवलं की सशांनी छाटल्यावर बर्च, पॉपलर अशी झाडं जे नवीन कोंब फेकतात ते राळेनं इतके भरलेले असतात की ससा तोंड लावत नाही. दिसायला कोवळी, लुसलुशीत फूट, आणि खाण्याच्या लायकीची नाही. म्हणजे ससे गेल्यावर जंगल हिरवं होतं त्यातलं सगळं हिरवं सशाचं अन्न नसतं. मी एकदा बर्चचा असा कोंब चावून बघितला, टर्पेंटाइन तोंडात गेल्यासारखं झालं, दिवसभर चहाला चव नव्हती.

आणि हिवाळ्याच्या शेवटी हा ससा काय काय करतो तर मांस खातो. युकॉनमध्येच संशोधकांनी कॅमेरे लावून हे टिपलेलं आहे, २०१८ मध्ये ते छापून आलं, ससा मेलेल्या सशाला खातोय, मेलेल्या पक्ष्याची पिसं खातोय, आणि एका ठिकाणी चक्क मेलेल्या लिंक्सला. काड्यांमध्ये प्रोटीन फारच कमी, सहा महिने तेच खाऊन शरीर मागायला लागतं. माझ्या इथल्या कलीगना हे ऐकून किळस आली, मला वाईट वाटलं. दुष्काळात आमच्या गायी कागद चघळताना, दोऱ्या चघळताना मी बघितलेल्या आहेत.

सध्या ससे परत आलेत. गेली दोन-तीन वर्षं हळूहळू वाढत होते, या हिवाळ्यात पुन्हा वाटा पडल्यात. शेजारच्या आजी आता थकल्या, बाहेर पडत नाहीत, नातू फासे लावतो आणि त्या खिडकीतून सूचना देतात. मागच्या रविवारी मी फिरून आले आणि अप्पांना व्हिडिओ कॉल केला, तिकडे सकाळ झालेली, दुकान उघडायच्या आधीची वेळ. मी त्यांना बर्फ दाखवला, वाटा दाखवल्या, कापलेली विलो दाखवली. अप्पांनी चष्मा लावून निरखून बघितलं आणि विचारलं, काडी केवढी जाडेय? मी म्हटलं, असेल बोटाएवढी, नीट मोजली नाही. तर म्हणाले, मग काय बघितलंस, जा मोज.

घरात मोजायला काही नव्हतं पण आजींनी दिलेल्या विणायच्या सुयांवर नंबर असतो, मिलिमीटरचा. त्या खिशात घालून गेले. बर्फ गुडघ्यापर्यंत, ऊन होतं पण नुसतं नावाला. स्प्रूसच्या दाट रांगेखाली, जिथे वाटाच वाटा आहेत तिथे बसून एकेक कापलेलं टोक सुईशी लावून बघितलं. पाच. सहा. सहा. आठ. एका ठिकाणी नऊपेक्षा जाड, आणि त्या झुडपाची सालही खालपर्यंत सोललेली. बारीक म्हणून काही राहिलंच नव्हतं, बर्फावर एक तुकडा सुद्धा टाकलेला नाही. फोन चालूच होता, मी आकडे सांगत होते. अप्पा म्हणाले, धाटं खायला लागलेत की गं. चघळ नाही ना खाली? मी म्हटलं नाही.

मग ते म्हणाले, पलीकडे ते उघड्यावर दिसतंय तिथलं बघ.

रांगेपासून वीस पावलांवर मोकळं होतं आणि मधोमध विलोचं एक मोठं झुडूप, उन्हात लालसर दिसत होतं. तिथपर्यंत सशाची एकही वाट गेलेली नव्हती. एका कडेनं लिंक्सचे गोल, रुंद ठसे गेले होते, जुने, कडा वितळलेल्या. मी झुडपापाशी गेले आणि सुई लावली. तीन मिलिमीटर. तीन. अडीच. सगळ्या बारीक, कोंबांनी भरलेल्या, आणि एकही कापलेली नव्हती.